श्वासाला आधार

श्वासाला आधार द्यायचा म्हणजे ऑक्सिजन लावायचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. फुप्फुसांची कामे मात्र दोन आहेत. हवेतला ऑक्सिजन रक्तात पोहोचवणे हे एक आणि शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे हे दुसरे. न्यूमोनियात वायुकोश पाण्याने आणि पुवाने भरतात, तेव्हा मुख्यतः पहिले काम बिघडते. मानेच्या मणक्याला मार बसून छातीचे स्नायू लुळे पडले, किंवा श्वासनलिका अरुंद करणाऱ्या सीओपीडी या वर्षानुवर्षांच्या आजाराने ते थकले, की दुसरे काम अडते. हवा आत-बाहेर खेळत नाही आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. पहिल्या रुग्णाला ऑक्सिजन हवा असतो, दुसऱ्याला छातीचा भाता हलवून देणारा हात. कोणाला काय हवे हे ओळखण्यात चूक झाली, तर भारी यंत्रही नुकसान करते.

धाप लागते म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग दिल्लीत सापडलेला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट आहे. तिची कोनशिला खुद्द सरदार पटेलांनी १९४९ मध्ये बसवली. डॉ. अवतार सिंग पेंटल या संस्थेचे दीर्घकाळ संचालक होते. वायुकोशांना खेटून असलेल्या सूक्ष्म केशवाहिन्यांजवळ मज्जातंतूंची काही टोके असतात आणि तिथे पाणी साचू लागले की ती मेंदूला इशारा देतात, हे त्यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांतून दाखवले. या टोकांना ‘जे रिसेप्टर’ म्हणतात. हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरलेला रुग्ण ऑक्सिजनचा आकडा बरा असतानाही उथळ आणि भराभर श्वास घेत घाबराघुबरा का होतो, याचा उलगडा त्यातून झाला. श्वसनाचे उपचार करणाऱ्याने म्हणूनच आकड्याआधी रुग्णाकडे पाहायचे असते. नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ताणले जातात का, एक वाक्य एका दमात बोलता येते का, मिनिटाला श्वास किती. शांत बसलेल्या प्रौढाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. ते ३० च्या वर गेले, तर ऑक्सिमीटर काहीही दाखवो, प्रकरण गंभीर आहे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनाच्या काळात घरोघरी पोहोचला. जपानमधले अभियंते ताकुओ आओयागी यांनी त्यामागचे तत्त्व १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधले. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पार करते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कोणता किती शोषला गेला यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण काढते. नखाला गडद पॉलिश असेल किंवा दिल्लीच्या जानेवारीत हात गार पडले असतील, तर आकडा चुकू शकतो. कातडी सावळी असेल तर तो खऱ्याहून थोडा जास्तही दिसतो. मोठी उणीव आणखी वेगळी आहे. कार्बन डायऑक्साइडबद्दल हे यंत्र काहीच सांगत नाही. त्यासाठी मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासावे लागते. अतिदक्षता विभागात याला नुसते ‘एबीजी’ म्हणतात.

ऑक्सिजन देण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे नाकात दोन टोके घालायची नळी. तिच्यातून मिनिटाला १ ते ६ लिटर ऑक्सिजन देतात. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. या नळीने तो साधारण २४ ते ४४ टक्क्यांपर्यंत जातो. नेमका किती, हे रुग्ण किती जोराने श्वास ओढतो यावर ठरते. साध्या मास्कला किमान ५ लिटरचा प्रवाह लागतो. त्याहून कमी ठेवला तर सोडलेलीच हवा मास्कमध्ये फिरत राहते. पिशवी लावलेल्या मास्कला १० ते १५ लिटर द्यावे लागतात आणि पिशवी श्वासागणिक पूर्ण चपटी होत नाही ना, हे पाहावे लागते. भिंतीवरच्या फ्लोमीटरमधली गोळी ज्या रेषेवर तरंगते तो प्रवाह, आणि आकडा गोळीच्या मध्यावर वाचायचा. खालच्या बाटलीतले पाणी खुणांच्या दरम्यान असावे आणि ते डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक असावे. नळाचे पाणी जंतूंना थेट फुप्फुसापर्यंत वाट करून देते.

या साधनांमध्ये व्हेंच्युरी मास्कला आपल्याकडे मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. प्रत्येक रंगाच्या तोटीतून ठरावीक प्रमाणातच ऑक्सिजन जातो: २४, २८, ३५, ४० टक्के असा. सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो, माणूस गुंगीत जातो आणि श्वास मंदावतो. अशा रुग्णांसाठी ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ हेच लक्ष्य धरतात. आकडा ९९ वर नेला म्हणजे उपचार चांगला, असे समजून नातेवाईक फ्लोमीटर वाढवतात, तेव्हा ते त्या माणसाला झोपेच्या आड मरणाकडे ढकलत असू शकतात. उलट निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या हवेतच ऑक्सिजनने ९७-९८ टक्के भरलेले असते. २०१९ च्या धुरकट नोव्हेंबरमध्ये साकेतच्या एका मॉलमध्ये १५ मिनिटे ऑक्सिजन हुंगण्याचे २९९ रुपयांपासून पैसे घेतले जात होते. तिथे जाणाऱ्यांच्या रक्तात आणखी ऑक्सिजन भरायला जागाच नव्हती, आणि दिल्लीच्या हवेत त्रास देणारे सूक्ष्म कण पाव तास ऑक्सिजन ओढून फुप्फुसांतून निघत नाहीत.

हा ऑक्सिजन येतो कुठून, हा प्रश्न करोनाची दुसरी लाट आली त्या २०२१ च्या एप्रिलपर्यंत बहुतेकांना पडलाच नव्हता. मोठ्या रुग्णालयाच्या आवारात पांढरी उभी टाकी असते. तिच्यात उणे १८३ अंश सेल्सिअसच्या खाली थंड केलेला द्रवरूप ऑक्सिजन असतो. एक लिटर द्रवातून साधारण ८६० लिटर वायू मिळतो, म्हणून एक टन द्रव म्हणजे जवळपास १०० जम्बो सिलिंडर. एका जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. पिशवीच्या मास्कने मिनिटाला १५ लिटर घेणाऱ्या एका रुग्णाला तो पावणेआठ तास पुरतो. नाकात वेगाने हवा सोडणाऱ्या ‘हाय फ्लो’ यंत्रावर मिनिटाला ६० लिटर निखळ ऑक्सिजन घेणाऱ्याला दोन तासही पुरत नाही. हे गणित एका वॉर्डातल्या ४० खाटांना लावून पाहिले, की त्या एप्रिलमध्ये दिल्लीत काय झाले ते कळते. दिल्लीत द्रव ऑक्सिजन तयारच होत नव्हता. तो ओडिशा, झारखंड, छत्तीसगड इथल्या पोलाद कारखान्यांतून, हजार-बाराशे किलोमीटरवरून यायचा, आणि वाहून आणायला पुरेसे टँकर नव्हते. छत्तीसगडच्या रायगडहून सुमारे ७० टन घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस २७ एप्रिलला दिल्ली कॅंटोन्मेंटला पोहोचली. (देशातली अशी पहिली गाडी आठवडाभर आधी नवी मुंबईतल्या कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली होती.) भरलेले टँकर विमानाने नेता येत नाहीत, म्हणून गाझियाबादजवळच्या हिंडन तळावरून हवाई दलाच्या विमानांनी रिकामे टँकर नेले आणि सिंगापूरहून रिकामे कंटेनर आणले. तरीही १ मे रोजी दिल्लीतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजन संपला आणि १२ रुग्ण दगावले. त्यांत त्याच रुग्णालयाचे एक डॉक्टर होते. दिल्लीला दररोज ७०० टन ऑक्सिजन मिळालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. गाझियाबादमधल्या इंदिरापुरमच्या गुरुद्वाराने रस्त्याकडेला सिलिंडर मांडून ‘ऑक्सिजन लंगर’ सुरू केला. गाडीत, रिक्षात बसल्या बसल्या लोकांच्या नाकाला नळी लावली गेली. त्यानंतर देशभरात हजाराहून अधिक पीएसए संयंत्रे रुग्णालयांत बसवली गेली. ही संयंत्रे झिओलाइटच्या खड्यांवर हवेतला नायट्रोजन अडवून सुमारे ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन तयार करतात. घरगुती कॉन्सन्ट्रेटरही हेच करतो, लहान प्रमाणावर.

नळी आणि मास्क पुरत नाहीत तेव्हा पुढची पायरी येते. हाय फ्लो यंत्र हवा ३७ अंशांपर्यंत गरम आणि पुरती दमट करून जाड नळीने नाकात सोडते. कोरडी थंड हवा एवढ्या वेगाने नाक सहन करू शकत नाही. दमट असली की रुग्ण बोलू शकतो, चार घास खाऊ शकतो. सीपॅप हे यंत्र श्वास घेताना आणि सोडताना एकसारखा दाब ठेवते, त्यामुळे मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहतात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांना ते वापरले. त्याच्या १० वर्षे आधी, १९७१ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज ग्रेगरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हाच दाब देऊन वाचवले होते. बाळांच्या सीपॅपचे एक रूप फार स्वस्त आहे. नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत ५ सेंटिमीटर बुडवले, की तेवढाच दाब मिळतो आणि बुडबुडे येताहेत यावरून यंत्र चालू असल्याचे नर्सला लांबूनही दिसते. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन दाब देते. भाता हलवून देणारा हात तो हाच. सीओपीडी बळावून कार्बन डायऑक्साइड साठलेल्या रुग्णाला वेळेवर बायपॅप मिळाला, तर घशात नळी घालण्याची वेळ पुष्कळदा टळते. पण मास्क घट्ट बसल्यावर माणूस गुदमरल्यासारखा होतो आणि तो काढून फेकतो. पहिला अर्धा तास कुणीतरी शेजारी बसून मास्क हाताने धरावा, दाब हळूहळू वाढवावा, धीर द्यावा लागतो. बायपॅप ‘फेल’ गेल्याच्या कित्येक नोंदींत हा अर्धा तासच दिलेला नसतो.

व्हेंटिलेटरची गोष्ट कोपनहेगनची आहे. १९५२ मध्ये तिथे पोलिओची भयानक साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांपैकी सुरुवातीला ८७ टक्के मरत होते. शरीर आत घालून भोवतीचा दाब कमी-जास्त करणाऱ्या लोखंडी पेट्या मोजक्याच होत्या. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडवून, त्यात नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास दिला आणि ती जगली. मग सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून कित्येक आठवडे पिशव्या दाबल्या आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग तिथे जन्मला. व्हेंटिलेटरने त्या विद्यार्थ्यांच्या हाताची जागा घेतली. दिल्लीच्या सरकारी रुग्णालयांत मात्र व्हेंटिलेटर मोकळा नसला, तर नातेवाईक रात्रभर अंबू बॅग, म्हणजे श्वास देणारी हातपिशवी, दाबत बसल्याच्या बातम्या आजच्या काळातही आल्या आहेत. हे कुणाही नातेवाइकाचे काम नव्हे.

व्हेंटिलेटरवर सर्वांत महत्त्वाचा आकडा असतो, एका श्वासाला किती हवा द्यायची हा. जास्त हवेने आजारी फुप्फुसे फाटतात आणि सुजतात. २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत आदर्श वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. हे वजन काट्यावरचे नसते, उंचीवरून काढलेले असते. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईचे आदर्श वजन साधारण ४३ किलो येते, म्हणून तिला एका श्वासाला २६० मिलिलिटर पुरतात. तिचे खरे वजन ७५ किलो असले आणि कुणी त्यावरून हिशेब केला, तर ४५० मिलिलिटर आत जाऊ लागतात. रुग्ण भरती झाल्यावर डोक्यापासून टाचेपर्यंत मोजपट्टी लावणे, हे या विभागातले सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वाधिक राहून जाणारे काम असावे.

दुसरा स्वस्त उपाय म्हणजे पालथे झोपवणे. पाठीवर झोपल्यावर फुप्फुसांचा मागचा मोठा भाग हृदयाच्या आणि पोटाच्या भाराखाली दबतो; पालथे केले की तो उघडतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या अत्यवस्थ रुग्णांना दिवसाला किमान १६ तास पालथे ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. नळ्या-सुयांनी वेढलेल्या माणसाला पालथे करायला चार-पाच जण आणि नळी सांभाळणारा एक अनुभवी माणूस लागतो. जागे असलेल्या करोना रुग्णांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२१ च्या एप्रिलमध्ये उशांची पद्धत सांगितली होती: एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली, आणि जेवणानंतर तासभर मुळीच नाही.

यंत्रे बनवण्यातही दिल्ली परिसराचा वाटा आहे. एम्समधले न्यूरोसर्जन डॉ. दीपक अग्रवाल आणि अभियंते दिवाकर वैश यांनी नोएडात टोस्टरच्या आकाराचा, मोबाइलसारख्या पडद्यावरून चालणारा व्हेंटिलेटर विकसित केला. मणक्याच्या दुखापतीने महिनोन् महिने व्हेंटिलेटरवर पडून राहिलेल्या रुग्णांना घरी जाता यावे, ही त्यामागची गरज होती. २०२० मध्ये करोनाच्या साथीत मारुती सुझुकीच्या मदतीने त्याचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर झाले.

व्हेंटिलेटर लावण्याइतकेच तो काढणे अवघड असते. श्वासपटल या श्वासाच्या मुख्य स्नायूला काम उरले नाही, की एक-दोन दिवसांतच तो बारीक होऊ लागतो. म्हणून रोज सकाळी गुंगीचे औषध कमी करून, आधार नाममात्र ठेवून अर्धा ते दोन तास रुग्णाला स्वतः श्वास घेऊ देतात. श्वास संथ राहिला, खोकला जोरकस आला, तर नळी काढता येते. तोवर उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवणे, तोंड स्वच्छ करणे आणि कफ साठेल तसा सक्शनने ओढणे ही कामे चालू राहतात. व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियापासून रुग्णाला वाचवण्यात महागड्या प्रतिजैविकांपेक्षा या कामांचा वाटा मोठा असतो.

कफ काढण्याच्या पद्धती यंत्रांच्या मानाने दुर्लक्षित आहेत. रुग्णाला कुशीवर किंवा उतरते झोपवून, हाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारणे, दीर्घ श्वास घेऊन ‘हफ्’ करत जोराने सोडणे, फ्लटरसारख्या नळीत फुंकून श्वासनलिका थरथरवणे, या सगळ्यांचा हेतू चिकट बेडका वर आणणे हाच. शस्त्रक्रियेनंतर तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र देतात. त्यात फुंकायचे नसते, हवा हळू ओढून गोळ्या वर धरून ठेवायच्या असतात. बरेच रुग्ण ते फुग्यासारखे फुंकतात आणि त्याचा उपयोग शून्य होतो. औषधाच्या पंपाचीही हीच तऱ्हा आहे. फवाऱ्याचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग सावकाश ओढत दाबायचा आणि १० सेकंद श्वास रोखायचा. लहान मुले आणि वृद्धांनी मध्ये स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडे, लावावा. कोरड्या पावडरचा पंप नेमका उलट, जोरात आणि झटक्यात ओढायचा. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची. दम्याचे औषध ‘लागू पडत नाही’ असे वाटले, तर औषध बदलण्याआधी डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवावा.

घरी ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी १९८० च्या सुमाराच्या दोन चाचण्यांनी नियम घालून दिला: रक्तातला ऑक्सिजन खरोखरच फार कमी असेल, तर दिवसाचे किमान १५ तास. धाप लागली की दहा मिनिटे, याने आयुष्य वाढत नाही. दिल्ली, गुडगाव, नोएडात हिवाळ्यात हवेचा निर्देशांक ४०० च्या वर जातो तेव्हा हे रुग्ण सर्वांत आधी कोसळतात. घरात कॉन्सन्ट्रेटर असेल तर वीज गेल्यावरची सोय म्हणून भरलेला एक सिलिंडर ठेवावा. स्वयंपाकघराच्या शेगडीपासून आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून तो लांब असावा.

हे सगळे करणारा माणूस कोण? काही देशांत त्याला रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणतात आणि तो डॉक्टर-नर्सच्या बरोबरीने अतिदक्षता विभागात उभा असतो. भारतात मणिपाल, वेल्लोर, कोची इथे या विषयाची पदवी मिळते, पण उत्तरेत असे लोक कमीच आहेत. २०२१ मध्ये अनेक राज्यांत नवे व्हेंटिलेटर खोक्यांतच राहिले, कारण ते चालवणारे नव्हते. त्याच वर्षी संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि श्वसन तंत्रज्ञांना त्यात स्थान मिळाले. नोंदणी, अभ्यासक्रम आणि सरकारी रुग्णालयांतली पदे हे काम त्यापुढचे आहे. कुठल्याही रुग्णालयात व्हेंटिलेटर किती, हे आपण विचारतोच. रात्रपाळीला ते चालवणारी प्रशिक्षित माणसे किती, हेही वाचकांनी विचारावे.